मोठे स्ट्रीमर फेकायला फ्लाय रॉड कुठला घ्यावा? (व्हाईट रिव्हर, ब्राऊन ट्राउट)

बेंटनविलकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही राहिलं तर सांभाळून घ्या.

मी अर्कान्सात बेंटनविलला असतो, मूळ सांगलीचा. लहानपणी कृष्णेवर आजोबांबरोबर गळ टाकून बसायचो, इथे आल्यावर चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने फ्लाय फिशिंगला नेलं आणि तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच. आतापर्यंत सगळं ९ फुटी ५ वेट (वेट म्हणजे रॉड किती जड लाईन पेलतो त्याचा नंबर) रॉडवर केलंय, व्हाईट रिव्हरवर कॉटरच्या आसपास, बहुतेक वेळा बारीक मिज नाहीतर सोबग (पाण्यातल्या बारीक जीवांसारख्या कृत्रिम माश्या) लावून इंडिकेटरखाली, म्हणजे तरंगणाऱ्या खुणेखाली. रेनबो ट्राउट भरपूर लागतात, तेरा-चौदा इंची. पण आता मला मोठा ब्राऊन बघायचाय, लहान मासे गिळून जगतो तो.

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी मित्राच्या बोटीतून गेलो आणि त्याच्याकडचे मोठे स्ट्रीमर, म्हणजे लहान माशासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम माश्या, लावले, पाच इंची, दोन हुकांचे मधे सांधा असलेले, सशाच्या कातड्याच्या पट्ट्या आणि पुढे शिशाचे डंबेल डोळे. माझ्या ५ वेटवर ते काही केल्या जाईना. पुढे टाकलं की लाईन जायची आणि माशी मागेच लटकायची, मग एकदम सुटून कानाजवळून सूं करत यायची, एकदा टोपीत रुतली. जोर लावला की अजून वाईट. दुपारपर्यंत खांदा गेला. आणि मग एका साध्या कास्टला, मासा नाही काही नाही, रॉडचा वरचा तुकडा मधोमध तुटला. मला आधी वाटलं कंपनीचा मालच खराब निघाला.

दुकानात विचारलं तर म्हणाले ६ वेट फास्ट अॅक्शन घ्या, व्हिडिओत एक जण म्हणतो ८ शिवाय हात लावू नका, मित्र म्हणतो ७. बजेट रॉड, रील, लाईन सगळं धरून चारशे-साडेचारशे डॉलर. फेब्रुवारीत शॅड माशांच्या सीझनला जायचंय. काय घेऊ?

---

ऑसेबलकाठी

मिशिगनमधून लिहितेय, ऑ सेबल आणि मॅनिस्टीवर पंधरा वर्षं स्ट्रीमर टाकते आहे, त्यामुळे तुमची टोपी वाचून अंगावर काटा आला. आधी एक सांगते, चष्म्याशिवाय आणि टोपीशिवाय स्ट्रीमर टाकायचा नाही, कधीच नाही, ढगाळ असलं तरी नाही. कानाजवळून गेलेली माशी डोळ्याजवळूनही जाते.

आता रॉड. सगळे तुम्हाला रॉडचा नंबर सांगतायत, पण प्रश्न उलट्या बाजूने सोडवायचा असतो. आधी माशी ठरवा, मग ती माशी ओढून नेईल अशी लाईन ठरवा, आणि मग ती लाईन दिवसभर उचलेल असा रॉड. फ्लाय फिशिंगमधे फेकतो ती लाईन, माशी तिच्यामागे फरफटत जाते. माशी जड आणि फुगीर झाली की हलकी लाईन तिला वळवूच शकत नाही, शेवटच्या क्षणी लाईनचा जीव संपतो आणि माशी तिथेच गटांगळी खाते. तुमचं जे झालं ते हेच. तिथे हात वाईट नव्हता, लाईनमधे वजन नव्हतं.

मी एकदा घरी किचनच्या काट्यावर माझी सशाची पट्टी असलेली माशी ठेवून बघितली. सुकी भरली २ ग्रॅमला जरा कमी. मग वाटीभर पाण्यात दहा मिनिटं बुडवून, एकदा झटकून परत ठेवली तर ५ ग्रॅमच्या वर. म्हणजे पहिल्या कास्टला जी माशी होती ती दुसऱ्या कास्टला अडीच पटीहून जड झाली. त्याच आकाराची बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस) आणि सिंथेटिक केसांची माशी भिजून फार वाढली नाही, पाणी झटकून टाकते ती. त्यामुळे निम्मा प्रश्न तर माशीचा मालमसाला बदलूनच सुटतो. सशाचं कातडं पाण्यात फार सुंदर हलतं, मलाही आवडतं, पण पाच इंची माशीत ते सगळीकडे नको, शेपटीला एवढंच पुरे.

तर सांगा, माशी किती इंची, किती हुकांची, दिवसभर हीच टाकणार की मधेमधे? आणि बोटीतून की पाण्यात उभं राहून?

---

बेंटनविलकर

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. ३ ते ५ इंची म्हणा, एक हुकाच्या पण आणि दोनच्या पण. बहुतेक बोटीतून, पाणी कमी असेल तेव्हा उभं राहून. दिवसभर टाकायची तयारी आहे, मासा एक लागला तरी चालेल.

---

नाना_नॉर्फोर्क

बेंटनविलकर, तुम्ही आमच्या अंगणातलेच की. मी माउंटन होमला असतो, रिटायर होऊन इथे आलो ते या नदीसाठीच. रॉडचं बाकीचे सांगतील, मी पाण्याचं सांगतो, कारण इथे पाणी कळल्याशिवाय रॉड कळत नाही.

आपल्याकडे ही नदी धरणावर चालते. बुल शोल्सला आठ जनरेटर आहेत, नॉर्फोर्कला दोन. वीज लागली की पाणी सुटतं, नाही लागली की नदी ओढ्यासारखी होते. तळातलं गार पाणी सुटतं म्हणून तर इथे ट्राउट जगतो. १९४४ ला नॉर्फोर्क झालं, १९५१ ला बुल शोल्स, आणि पाणी गार पडल्यावर मूळचे कोमट पाण्याचे मासे खालच्या पट्ट्यातून गेले आणि ट्राउट सोडला गेला. रेनबो अजून हॅचरीतून सोडतात, ब्राऊन मात्र बहुतेक नदीतच अंडी घालून वाढतात. म्हणून थंडीत, अंडी घालायच्या दिवसांत, उथळ खडीवर जोडीने बसलेले ब्राऊन दिसले तर त्यांच्यावर माशी टाकू नका ही कळकळीची विनंती. खडीवरची स्वच्छ झालेली फिकट थाळी दिसते ना, ती अंड्यांची जागा, तिच्यावरून चालूही नका. धरणाखालच्या भागाला त्या महिन्यांत वेगळे नियम असतात, निघायच्या आधी राज्याच्या गेम अँड फिश खात्याच्या साईटवर बघा, आणि लायसन्सबरोबर ट्राउट परमिट वेगळं घ्यावं लागतं ते विसरू नका.

आता स्ट्रीमर. पाणी कमी असतं तेव्हा मोठा ब्राऊन खोल डोहात नाहीतर लाकडाखाली दडून असतो. चार-पाच जनरेटर चालू झाले की पाणी काठावरच्या झाडांना लागतं आणि मासा काठाला सरकतो, संथ पाण्यात उभा राहतो, समोरून वाहत येणारं पकडायला. तेव्हा बोटीतून काठाच्या फूटभर आत माशी पडली पाहिजे आणि पडल्या पडल्या बुडली पाहिजे, कारण बोट थांबत नाही. म्हणजे बुडणारी लाईन आलीच. फ्लोटिंग लाईनवर शिशाचे डोळे बांधून खोली गाठायला गेलात की परत तीच टोपी.

शॅडचं म्हणाल तर ते हवेवर असतं. तलावातली थ्रेडफिन शॅड फार थंडी सोसत नाही, गारठून मरते आणि टर्बाइनमधून खाली येते, पांढऱ्या चकत्या वाहत येतात आणि ट्राउट वेड्यासारखा खातो. काही वर्षी जोरात होतं, काही वर्षी नावालाच. झालं तर पांढरी माशी, नाही झालं तर ऑलिव्ह नाहीतर पिवळी.

आणि पाण्यात उभे राहणार असाल तर लाईफ जॅकेट घाला. धरणापाशी भोंगा वाजतो पण खाली कॉटरला तो कोणाला ऐकू येणार, तिथे पाणी काही तासांनी पोचतं, बिनआवाजाचं. मी एक दगड बघून ठेवतो, तो बुडायला लागला की बाहेर.

---

ब्लँकवाला

हौस म्हणून घरी रॉड बांधतो, सिएटलजवळ असतो, पुण्याचा. ताई बरोबर बोलल्या, मी फक्त आकडे मांडतो म्हणजे डोक्यात बसेल.

रॉडवर जो ५, ६, ७ लिहितात तो लाईनच्या वजनाचा नंबर. लाईनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेनमधे मोजतात, ५ वेट म्हणजे १४० ग्रेन, ६ म्हणजे १६०, ७ म्हणजे १८५, ८ म्हणजे २१०. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. आता तुमची ५ वेट लाईन, १४० ग्रेन, म्हणजे झाले ९ ग्रॅम. आणि तिच्या टोकाला ताईंच्या काट्यावरची ५ ग्रॅमची ओली माशी. नऊच्या मागे पाच! इंजिनच्या निम्म्याहून जास्त वजनाचा डबा. वर हवेचा विरोध वेगळा.

स्ट्रीमरच्या बुडणाऱ्या लाईन मुद्दाम जड असतात आणि वजन पुढच्या २४-३० फुटांच्या जाड डोक्यात गोळा केलेलं असतं, मागे बारीक रनिंग लाईन. २००, २५०, ३०० ग्रेन अशा मिळतात. २५० म्हणजे १६ ग्रॅम. त्याच माशीला आता १६ ग्रॅम ओढतायत, फरक बघा. ढोबळ मानाने ६ वेट रॉडला २००, ७ ला २५०, ८ ला ३००. बॉक्सवर ग्रेन लिहिलेले असतात तेच बघायचे, "७ वेट" एवढं वाचून घेऊ नका, कारण कंपन्या आपल्या नंबरापेक्षा जड लाईनी बनवतात. सिंक रेट पण लिहिलेला असतो, सेकंदाला किती इंच. इंटरमिजिएट म्हणजे दीड-दोन इंच, टाईप ३ म्हणजे तीन, टाईप ६ म्हणजे सहा. नाना म्हणतायत तसं वेगाचं पाणी आणि बोट असेल तर टाईप ६ शिवाय पर्याय नाही.

आता तुटलेल्या रॉडचं. तुमच्या वर्णनावरून मला नव्वद टक्के खात्री आहे, माल खराब नव्हता. त्या दिवशी कधीतरी कास्ट करताना रॉडला काही लागून टक असा आवाज आला होता का? शिशाचे डोळे ग्रॅफाईटच्या नळीवर आपटले की बारीक चीर पडते, बाहेरून दिसतही नाही, नखानेही कळत नाही. मग पुढच्या कुठल्यातरी वाकण्याला रॉड बरोबर तिथे जातो. कधी तासाभराने, कधी सहा महिन्यांनी मासा लागल्यावर. तुकडे असतील तर तुटलेल्या जागेचा फोटो टाका.

---

बेंटनविलकर

आला होता! सकाळी दहाच्या सुमारास, अगदी स्पष्ट टक. मी म्हटलं फांदीला लागलं असेल, पण बोट नदीच्या मधे होती, फांदी कुठली. फोटो टाकतो. म्हणजे इतके दिवस मी उगाच त्या कंपनीला बोल लावत होतो, वॉरंटीच्या फॉर्मवर पण तसंच लिहिणार होतो. बरं झालं विचारलं.

---

ब्लँकवाला

फोटो बघितला. कड एका बाजूला दबलेली दिसतेय, तिथेच लागलंय. फॉर्मवर जे झालं ते खरं लिहा, बऱ्याच कंपन्या ठरावीक फी घेऊन वरचा तुकडा बदलून देतात, तो ५ वेट मिजसाठी परत लागेलच.

---

डोंगरपाणी

जरा वेगळं मत मांडतो. मी वर्षातून दोनदा हिमाचलला तीर्थनवर जातो, तिथला ब्राऊन इंग्रजांच्या काळात सोडलेल्या माशांचा वंश. दगडादगडांतलं पाणी, लहान डोह, ४ किंवा ५ वेट आणि दोन इंची वुली बगर माशी एवढ्यावर मला सगळं मिळालंय. मोठ्या माशाला मोठीच माशी लागते हे मला अजून पटलेलं नाही. तुमच्याच अर्कान्सातलं उदाहरण घ्या ना, लिटिल रेड नदीवर १९९२ साली रिप कॉलिन्सने ४० पौंड ४ औंसाचा ब्राऊन काढला, कित्येक वर्षं तो जागतिक विक्रम होता, आणि तो लागला होता औंसाच्या बत्तिसाव्या भागाच्या इवल्याशा जिगवर, ४ पौंडी दोरीवर. मग एवढा २५० ग्रेनचा खटाटोप कशाला? माणूस खांदा घालवून बसतो आणि मग नदीवर जायचंच बंद करतो.

---

ऑसेबलकाठी

डोंगरपाणी, तीर्थनवर तुमचंच बरोबर आहे, तिथे ७ वेट घेऊन जाणं म्हणजे बोळात ट्रक घालणं. आणि कॉलिन्सचा मासाही खरा. पण बेंटनविलकरांना फक्त मोठा मासा नकोय, त्यांना तो मासा लाकडाखालून सुटून माशीवर येताना बघायचाय. मिजवर मोठा ब्राऊन लागतो तेव्हा आपल्याला इंडिकेटर बुडलेला दिसतो. स्ट्रीमरवर तो मागून येताना दिसतो, पिवळ्या पोटाचा, माशीच्या वीतभर मागे तोंड न उघडता चालत राहतो, आणि त्या दोन सेकंदांत आपल्या गुडघ्यातलं बळ जातं. मी असे दिवस काढलेत की तीनशे-चारशे कास्ट, एकही मासा नाही, फक्त दोन पाठलाग, आणि घरी येऊन रात्री तेच दोन पाठलाग डोळ्यासमोर. ज्याला हे हवंय त्याला हे हवंय.

आणि खांदा जातो तो कमी नंबरच्या रॉडवर जास्त जोर लावून. बरोबर वजनाची लाईन असली की रॉड काम करतो, खांदा नाही.

माझं मत, ९ फुटी ७ वेट. त्यावर २५० ग्रेनची बुडणारी लाईन. तीन इंची एकहुकी माशी पण टाकता येते, पाच इंची दुहुकी पण. ६ घेतलात तर पाच इंचीला परत रडाल. ८ घेतलात तर सहा-सात इंची पण जाईल, वारा पण कापेल, पण दुपारी तीननंतर तो हातात जड लागतो आणि मग कास्ट आखूड व्हायला लागतात, आणि पंधरा इंची मासा लागला तर कळतही नाही.

---

खाडीकाठ

अलिबागहून. आमच्याकडे ट्राउट नाही पण जिताडा आहे, आणि जिताडा म्हणजे बारामुंडी, तो पण असाच दडून बसणारा आणि लहान मासे, कोळंबी मारणारा. मी खाडीत ८ वेट वापरतो, क्लाउझर मिनो आणि डिसीव्हर या माश्या. बेंटनविलकर, कधी सुट्टीला घरी रॉड घेऊन येणार असाल तर ७ पेक्षा ८ चा विचार करा, इथे खाऱ्या वाऱ्यात ७ कमी पडतो, आणि महसीरला उत्तराखंडात गेलात तरी ८ च बरा. एका रॉडमधे तीन कामं.

दुसरं एक कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. ट्राउटवाल्यांना मासा लागला की रॉड वर उचलायची सवय असते. स्ट्रीमरला ते चालत नाही. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवायचं आणि डाव्या हाताने लाईन खस्सकन ओढायची, हुक तिने रुततो. आमचे कोळी नुसत्या हातात दोरी घेऊन गरवतात, काठी बिठी काही नाही, बोटांवर दोरी असते आणि मासा लागला की हात मागे. तेच इथे. रॉड उचललात तर माशी वर उडते आणि माशाच्या तोंडातून निघून जाते. सुटली तरी ओढत राहिलात तर तो परत वळून मारतो, हे मी जिताड्यात कितीदा पाहिलंय.

---

बेंटनविलकर

हे सोनं आहे सगळं. खाडीकाठ, तुमचं वाचून ८ कडे मन गेलं होतं पण वर्षाचे पन्नास शनिवार मी इथेच असणार, म्हणून ७ वर येतोय. आता ७ मधे कुठला? दुकानात दोन हातात घेतले, एक अडीचशेचा आणि एक हजाराच्या वरचा. हजारवाला हवेत हलवला तर एकदम हलका आणि कडक. त्यातला फरक खरंच एवढा असतो का?

---

ब्लँकवाला

दुकानात हलवून काही कळत नाही, तिथे रॉडवर वजनच नसतं. सगळे कडक रॉड तिथे छान वाटतात. त्यांना म्हणा की २५० ग्रेनची लाईन लावून मागच्या पार्किंगमधे टाकू द्या, चांगली दुकानं देतात, आणि आपली एक जुनी मोठी माशी हुक कापून खिशात घेऊन जा, ती बांधून टाका. लोकरीचा गोंडा बांधून टेस्ट केली तर स्ट्रीमरबद्दल काहीच कळणार नाही.

मी काय बघतो ते सांगतो. एक म्हणजे रॉडचा खालचा निम्मा भाग, बट, तिथे ताकद पाहिजे, कारण बुडलेलं डोकं पाण्यातून वर काढताना रॉड तिथपर्यंत वाकतो. टोक मात्र अगदी लोखंडासारखं नको, टोक जरा मऊ असलं तर ओली माशी मागे पोचल्याचं हाताला जाणवतं आणि आपण योग्य वेळी पुढे येतो. फार कडक रॉड चांगल्या कास्टरला लांब फेकून देतो पण दमलेल्या माणसाला माफ करत नाही. आपल्याला फेक ४० ते ५० फुटांचीच पाहिजे. दुसरं, स्विंग वेट. ९ फुटी ७ वेट काट्यावर शंभर-एकशेदहा ग्रॅमच भरतो, सगळ्यांचा तेवढाच, पण वजन टोकाकडे असेल तर तो दिवसभरात मनगट मारतो. खरे पैसे इथे जातात, महागात हे वजन कमी असतं. तिसरं, मूठ फुल वेल्स असावी, अंगठ्यापाशी उंचवटा असलेली, ७ वेटवर बहुतेक असतेच, आणि खाली छोटा फायटिंग बट असला तर उत्तम.

अडीचशेच्या पट्ट्यात एको, टीएफओ, ऑर्विस क्लिअरवॉटर, रेडिंग्टन यांचे ७ वेट मी टाकून बघितलेत, चारही काम करतात, हाताला कुठला बसतो ते तुमचं तुम्ही ठरवा. हजारवाला जास्त चांगला आहे, खोटं कशाला बोलू, पण तुमच्या बजेटमधे रॉडवर अडीचशेच्या आत थांबा आणि लाईन नवी आणि चांगली घ्या, ती ऐंशी-शंभरला येईल. रीलवर सगळ्यात कमी. ट्राउट काही शंभर यार्ड पळत नाही, आणि स्ट्रीमरचा मासा बहुतेक वेळा हातानेच ओढून आणतो आपण. रील जरा जड घेतलात तर उलट रॉड मुठीवर तोलतो.

लीडर, म्हणजे लाईन आणि माशीच्या मधली दोरी, विकत घेऊ नका. बुडणाऱ्या लाईनला नऊ फुटी निमुळता लीडर लावला तर लाईन खाली आणि माशी वर तरंगते. तीन-चार फूट सरळ १५ किंवा २० पौंडी फ्लुरोकार्बन, माशीला लूपची गाठ म्हणजे ती मोकळी हलते. झालं.

---

ऑसेबलकाठी

आणि कास्ट बदला, नाहीतर ७ वेटवर पण टोपीत जाईल. तुम्ही आत्ता ५ वेटवर जसं पुढे-मागे एकाच रेषेत करता, घट्ट लूप (हवेतला लाईनचा वळसा), ते इथे विसरा. मागे नेताना हात बाजूने, जरा आडवा न्या आणि पुढे आणताना डोक्यावरून आणा, वरून बघितलं तर लंबगोल दिसेल. याला बेल्जियन कास्ट म्हणतात. याने माशी कुठेच लटकत नाही, दोरी सतत ताणलेली राहते, आणि जाताना आणि येताना वाट वेगळी असल्यामुळे माशी रॉडला आपटत नाही. तुमचा जुना रॉड गेला तो हे न केल्यामुळेच.

दुसरं, हवेत लाईन खेळवत बसायचं नाही. जाड डोकं रॉडच्या टोकाशी येईपर्यंत लाईन ओढून घ्या, एक रोल कास्ट (मागे न फेकता पुढे लोळवून टाकणं) करून ती पाण्यावर आणा, पाणी सोडायच्या आत मागे उचला, एकदा मागे, आणि सोडा. रनिंग लाईन आपली आपण पळते. एक मागे एक पुढे, बस. जास्त खोटे कास्ट केले की खांदाही जातो आणि माशी सुकून वर तरंगते.

घराजवळच्या मैदानात गवतावर पंधरा दिवस रोज वीस मिनिटं, हुक कापलेली माशी लावून, आणि भिजवून बरं का, बादली घेऊन जा. सुकी माशी टाकून सराव केला तर नदीवर परत नवखेच.

---

डोंगरपाणी

लंबगोल कास्ट मी आज गच्चीवर ५ वेट आणि ओल्या वुली बगरवर करून बघितली. ताई, फरक पडतो. माशी गुपचूप जाते. लहान नदीवाल्यांनीही शिकण्यासारखी आहे.

---

बेंटनविलकर

मंडळी, उशिरा लिहितोय, पाच आठवडे झाले.

सेकंडहँड मिळाला, ९ फुटी ७ वेट, चार तुकड्यांचा, एकशे नव्वद डॉलरला. ज्याचा होता त्याच्या अंगणात बादली नेऊन ओली माशी टाकून बघितली, तो माणूस आधी चकित झाला आणि मग स्वतःच बादली धरून उभा राहिला. टोक जरासं मऊ आहे, मागे माशी पोचली की हाताला एक हलका धक्का जाणवतो, ब्लँकवाला म्हणाले ते नेमकं हेच असावं. लाईन नवी, २५० ग्रेन, टाईप ६. आधी गवतावर आठवडाभर काहीच जमेना, मग एका संध्याकाळी अचानक लंबगोल जुळून आला आणि लाईन हातातून सरकन निघून रीलपर्यंत गेली, बायको म्हणाली चेहऱ्यावरून कळलं.

गेल्या शनिवारी मित्राच्या बोटीत, चार जनरेटर, पाणी काठाच्या गवतात. शॅड काही नव्हती. पिवळी-ऑलिव्ह माशी, साडेचार इंची, बकटेलची, फक्त शेपटीला सशाची पट्टी. सकाळी सातपासून अकरापर्यंत काहीच नाही, पण खांदा दुखत नव्हता, हेच मला मोठं वाटत होतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला मात्र लाईन घासून चीर पडली, तिच्यावर टेप लावला.

साडेअकराला एक पडलेलं सिकमोरचं झाड होतं, त्याच्या फांद्यांच्या पुढे माशी पडली, दोनदा ओढली, थांबलो. फांदीखालचं पाणी जरा पिवळसर झाल्यासारखं वाटलं, मला वाटलं पान आहे. पान माशीमागे चालायला लागलं. ताई, तुम्ही गुडघ्याचं लिहिलं होतंत ते खरंय. मी ओढायचं विसरलो, मित्र ओरडला, मी दोनदा जोरात ओढलं आणि तो बाजूला वळून आला आणि तोंडात घेऊन परत खाली वळला, आणि माझा उजवा हात सवयीने वर जायला निघाला, पण खाडीकाठची दोरी आठवली आणि डाव्याने ओढलं. हाताला एकदम झाडाला अडकल्यासारखं जड लागलं आणि मग झाड हललं.

२१ इंच. नेटमधेच ठेवला, पाण्यातच, हुकाचा काटा आधीच पक्कडने दाबून ठेवला होता त्यामुळे बोटाने निघाला. खवल्यांवर काळ्या ठिपक्यांभोवती फिकट कडी, आणि बाजूला चार-पाच लाल ठिपके, अगदी कुंकवाच्या बोटासारखे. शेपटीची खालची कड जराशी झिजलेली होती. नाना, ती अंड्यांच्या खडीवर घासून होते ना? मग धरून ठेवला, दोन मिनिटांत त्याने स्वतःच हात सोडवून घेतला.

परत येत्या रविवारी जातोय. पाण्याचं काय दिसतंय?

---

नाना_नॉर्फोर्क

हो, शेपटीने खडी साफ करतात त्याने झिजते, आता भरून येईल. म्हणजे ती मादी असणार, जोरात धरून ठेवली नाहीत ते बरं केलंत.

रविवारचं वेळापत्रक शनिवारी संध्याकाळी लागेल, पण थंडीची लाट येतेय, विजेची मागणी वाढणार, पहाटेपासून पाणी सुटेल असं वाटतंय. माझ्या बोटीत जागा आहे. साडेसहाला कॉटरच्या पुलाखाली या, पिवळी माशी दोन जास्तीच्या आणा.